सुट्टीतील श्रमदान, हप्त्यांचे घर : अमेरिकी विद्यार्थ्यांच्या गृहबांधणी सहलींमागील गणित

दर वर्षी मार्चच्या सुमारास अमेरिकेतील विद्यापीठांना साधारण आठवडाभराची वसंत सुट्टी मिळते. या सुट्टीचे जगभर पोहोचलेले चित्र फ्लोरिडाच्या समुद्रकिनाऱ्यांवरील जल्लोषाचे आहे. त्याच आठवड्यात विद्यार्थ्यांचे काही गट मात्र भाड्याच्या गाड्यांतून दुसऱ्या एखाद्या राज्यातील अनोळखी गावाकडे निघतात, चर्चच्या सभागृहात किंवा शाळेच्या व्यायामशाळेत पथारी पसरतात आणि सकाळी हेल्मेट घालून बांधकामावर हजर होतात. पाच दिवस खिळे ठोकून, भिंती उभ्या करून, रंग देऊन ते परततात. ते निघतात तेव्हा घर अपुरेच असते.

या प्रथेविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना ती तरुणाईच्या सेवाभावाची साक्ष वाटते, तर काहींना सुखवस्तू घरांतील मुलांची सोयीस्कर समाजसेवा. दोन्ही मतांत मूळ प्रश्न बाजूला राहतो. ज्यांनी हातोडा कधी हाती धरला नाही, अशा विद्यार्थ्यांच्या पाच दिवसांच्या श्रमांतून एखाद्या कुटुंबाला खरोखर घर मिळते का? मिळत असेल, तर ते कोणत्या व्यवस्थेमुळे? भारतातही महाविद्यालयीन श्रमदान शिबिरांची मोठी परंपरा असल्याने या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाही उपयोगी आहे.

जॉर्जियातील एका शेतावरची कल्पना

अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या अशा सहलींचे सर्वांत परिचित यजमान म्हणजे ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था. तिचे मूळ जॉर्जिया राज्यातील अमेरिकस या छोट्या शहराजवळील ‘कोइनोनिया’ नावाच्या शेतावर आहे. क्लॅरेन्स जॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये तेथे कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीयांनी एकत्र राहून काम करावे, या ख्रिस्ती श्रद्धेतून वसाहत उभारली. वंशभेदाचे कायदे लागू असलेल्या त्या प्रदेशात या प्रयोगाला बहिष्कार, गोळीबार आणि बॉम्बहल्ल्यांना तोंड द्यावे लागले.

साठच्या दशकात मिलार्ड आणि लिंडा फुलर हे दांपत्य तेथे आले. अलाबामातील यशस्वी व्यवसाय आणि संपत्ती त्यांनी सोडून दिली होती. जॉर्डन आणि फुलर यांनी मांडलेली योजना साधी होती. परिसरातील गरीब कुटुंबे पडक्या झोपड्यांत राहत होती. त्यांच्यासाठी नफा न घेता घरे बांधायची, ती बिनव्याजी हप्त्यांवर विकायची आणि परत आलेल्या हप्त्यांतून पुढची घरे बांधायची. त्यासाठी एक निधी स्थापन झाला. पुढे फुलर दांपत्याने हीच पद्धत झैरे देशात, म्हणजे आजच्या काँगोमध्ये, वापरून पाहिली आणि १९७६ मध्ये अमेरिकसमध्ये ‘हॅबिटॅट’ची स्थापना केली.

संस्थेला देशव्यापी ओळख मिळाली ती माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्यामुळे. अमेरिकसपासून जवळच असलेल्या प्लेन्स गावचे रहिवासी असलेले कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन १९८४ मध्ये स्वयंसेवकांच्या गटासह बसने न्यूयॉर्कला गेले. तेथील लोअर ईस्ट साइड भागातील एका पडीक सहा मजली इमारतीचे १९ कुटुंबांसाठी नूतनीकरण करण्याच्या कामात ते स्वतः सुतारकाम करत होते. माजी राष्ट्राध्यक्षाच्या हातातील हातोडा वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला आणि स्वयंसेवकांचा ओघ वाढला. १९८९ मध्ये संस्थेने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ‘कॉलेजिएट चॅलेंज’ हा स्वतंत्र उपक्रम सुरू केला. त्यात आजवर अडीच लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी भाग घेतला आहे.

घर दान मिळत नाही

या उपक्रमाबद्दलचा सर्वांत रूढ गैरसमज म्हणजे विद्यार्थी गरिबांना फुकट घर बांधून देतात. प्रत्यक्षात घर विकले जाते. कुटुंबाची निवड तीन निकषांवर होते : सध्याच्या निवाऱ्याची गरज किती तीव्र आहे, हप्ते फेडण्याची क्षमता आहे का आणि बांधकामात सहभागी होण्याची तयारी आहे का. तिसरा निकष केवळ औपचारिक नाही. कुटुंबाने साधारणतः २०० ते ५०० तास काम करणे अपेक्षित असते. हे काम स्वतःच्या घरावर, शेजारच्या कुटुंबाच्या घरावर किंवा संस्थेच्या जुन्या बांधकाम साहित्याच्या दुकानात करता येते. अंदाजपत्रक, विमा आणि दुरुस्ती यांविषयीचे वर्गही अनेक ठिकाणी त्यात मोजले जातात. इंग्रजीत या सहभागाला जे नाव आहे, त्याचा मराठीत अर्थ ‘घामाचा वाटा’ असा सांगता येईल. रोख रकमेऐवजी श्रमांच्या रूपाने भरलेले ते भांडवल असते.

त्यानंतर गृहकर्ज सुरू होते. प्रारंभी ही कर्जे बिनव्याजी होती. आता अनेक स्थानिक शाखा बँका किंवा सरकारी कर्जयोजनांशी जोडलेल्या आहेत, मात्र मासिक हप्ता कुटुंबाच्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्क्यांच्या आत राहावा, हे सूत्र कायम आहे. हा आकडा अमेरिकेतील घरांच्या टंचाईचा मापदंडही आहे. निवाऱ्यावर उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून अधिक खर्च करावा लागणारे कुटुंब तेथे ‘खर्चाच्या ओझ्याखालील’ मानले जाते. हार्वर्ड विद्यापीठाच्या गृहनिर्माण अभ्यास केंद्रानुसार २०२२ मध्ये अशा भाडेकरू कुटुंबांची संख्या २ कोटी २४ लाख होती. देशातील एकूण भाडेकरू कुटुंबांपैकी ही जवळपास निम्मी आहेत.

स्वस्तात मिळालेले घर लगेच बाजारभावाने विकून नफा कमावला जाऊ नये, यासाठीही तरतूद असते. बाजारमूल्य आणि विक्रीची किंमत यांतील फरक अनेकदा दुसऱ्या, सुप्त कर्जाच्या रूपाने नोंदवला जातो. ठरावीक वर्षे तेथे राहिल्यास ते माफ होते. घर विकायचे झाल्यास ते आधी संस्थेला देऊ करण्याची अटही काही ठिकाणी असते.

विद्यार्थ्यांच्या श्रमांचे आर्थिक स्थान या संपूर्ण रचनेत नेमके कोठे आहे, हे आता स्पष्ट होते. अमेरिकेत बांधकाम मजुरी महाग आहे. मजुरीचा जेवढा भाग स्वयंसेवक उचलतात, तेवढी घराची किंमत खाली येते आणि तेवढा हप्ता आटोक्यात राहतो. उदाहरणादाखल, १५ जणांचा गट रोज ७ तास याप्रमाणे ५ दिवस काम करत असेल, तर ते ५२५ तास होतात. एका कुटुंबाच्या संपूर्ण श्रमवाट्याइतके किंवा त्याहून अधिक काम एका आठवड्यात जमा होते. शिवाय सहभागी विद्यार्थी यजमान शाखेला शुल्क किंवा देणगी देतात. त्यासाठी ते महिनोन्‌महिने विद्यापीठाच्या आवारात निधी गोळा करतात. बांधकाम साहित्याच्या खर्चाला या रकमेचा हातभार लागतो.

सोळा इंचांचा हिशेब

तथापि, श्रमाचे तास आणि उपयोगी श्रमाचे तास यांत अंतर असते. अमेरिकेतील सामान्य घर वीट-सिमेंटचे नसून लाकडी सांगाड्याचे असते. काँक्रीटच्या जोत्यावर लाकडी चौकटी आडव्या ठेवून ठोकल्या जातात आणि मग सर्वांनी मिळून भिंत उभी केली जाते. गटाच्या छायाचित्रांत हमखास दिसणारा क्षण हाच. परंतु त्या चौकटीतील उभे लाकडी खांब सामान्यतः एकमेकांपासून १६ इंच अंतरावर असावे लागतात. याचे कारण नंतर बसवायच्या जिप्समच्या तक्त्यांत आहे. ते तक्ते ४ फूट, म्हणजे ४८ इंच रुंद असतात. खांब बरोबर १६ इंचांवर असतील, तर प्रत्येक तिसऱ्या खांबाच्या मध्यावर तक्त्याची कड येते आणि तेथे ती पक्की करता येते. सोमवारी एका विद्यार्थ्याने खांब इंचभर सरकवून ठोकला, तर त्याची अडचण काही आठवड्यांनी येणाऱ्या दुसऱ्याच गटाला सोसावी लागते.

म्हणूनच अशा प्रकल्पांत सर्वांत महत्त्वाची व्यक्ती विद्यार्थी नसतो. बांधकामावर कायम असणारा पर्यवेक्षक काम उलगडून सांगतो, दिवसाअखेर मोजमाप तपासतो आणि चुकलेले पुन्हा करवून घेतो. त्याच्या हाताखाली अनुभवी निवृत्त स्वयंसेवक किंवा ‘अमेरिकॉर्प्स’ या सरकारी सेवा योजनेतील वर्षभरासाठी आलेले तरुण गटप्रमुख असतात. वीज, नळजोडणी आणि वातानुकूलन ही कामे सामान्यतः परवानाधारक कारागिरांकडे सोपवली जातात. सोळा वर्षांखालील मुलांना चालू बांधकामावर प्रवेश नसतो आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना छतावर चढण्यास व विजेवर चालणारी हत्यारे वापरण्यास मनाई असते. सहा फूट किंवा त्याहून अधिक उंचीवर काम करताना पडण्यापासून संरक्षण हवे, हा अमेरिकी कामगार सुरक्षा नियमही तेथे पाळावा लागतो.

थोडक्यात, अकुशल हातांना उपयोगी बनवण्यासाठी कुशल माणसांचा वेळ खर्च होतो. पर्यवेक्षक पुरेसे असतील तर हा व्यवहार फायद्याचा ठरतो. ते कमी पडले, तर विद्यार्थी दिवसभर उभे राहतात किंवा त्यांनी केलेले काम नंतर मोडून पुन्हा करावे लागते.

न्यू ऑर्लिन्सचा धडा

या व्यवस्थेची सर्वांत मोठी परीक्षा न्यू ऑर्लिन्समध्ये झाली. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ किनाऱ्यावर धडकले, पूरसंरक्षक भिंती फुटल्या आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. २००६ च्या वसंत सुट्टीत देशभरातून हजारो विद्यार्थी तेथे पोहोचले. त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला प्रथम आले ते बांधणे नव्हे, तर उपसणे. आठवडेन्‌आठवडे पाण्यात राहिलेल्या घरांतून चिखल, कुजलेले फर्निचर, बंद पडलेले शीतकपाट आणि बुरशी चढलेले भिंतींचे तक्ते बाहेर काढावे लागत. या कामाला कौशल्यापेक्षा माणसांची संख्या हवी होती आणि ती विद्यार्थ्यांकडे होती.

त्याच काळात शहराच्या अप्पर नाइन्थ वॉर्ड भागात ‘म्युझिशियन्स व्हिलेज’ ही वसाहत आकार घेऊ लागली. गायक हॅरी कॉनिक ज्युनिअर आणि सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सालिस यांनी ‘हॅबिटॅट’च्या स्थानिक शाखेसह ही योजना मांडली. विस्थापित संगीतकारांना परत आणणे, हा तिचा हेतू होता. वसाहतीच्या मुख्य भागात ७२ घरे उभी राहिली आणि पुढे २०११ मध्ये तेथे एलिस मार्सालिस संगीत केंद्र सुरू झाले.

मात्र या वसाहतीने दोन अडचणीही उघड केल्या. पहिली निवडीची. रात्रीच्या कार्यक्रमांतून रोख मानधन मिळवणाऱ्या अनेक संगीतकारांकडे नियमित उत्पन्नाचा पुरावा किंवा चांगला कर्ज-इतिहास नव्हता. ज्यांच्या नावाने वसाहत उभी राहिली, त्यांतीलच काहींना कर्जाच्या निकषांत बसणे कठीण गेले. हप्त्यांवर चालणारी योजना अत्यंत गरिबांपर्यंत पोहोचत नाही, हे तिचे कायमचे मर्म यातून दिसले.

दुसरी अडचण नंतर समोर आली. वादळानंतरच्या टंचाईत अमेरिकेत चीनमधून आयात झालेल्या जिप्सम तक्त्यांपैकी काही सदोष निघाले. त्यांतून बाहेर पडणाऱ्या गंधकयुक्त वायूंमुळे तांब्याच्या तारा आणि वातानुकूलन यंत्रे गंजू लागली. ‘हॅबिटॅट’ने न्यू ऑर्लिन्समध्ये बांधलेल्या अनेक घरांतही हे तक्ते बसले होते. तोवर ते बसवणारे विद्यार्थी पदवी घेऊन नोकरीला लागले होते. स्थानिक शाखेला घरे तपासून तक्ते काढण्याचे आणि घरे दुरुस्त करण्याचे काम हाती घ्यावे लागले. बांधणारे निघून गेल्यावरही घराची जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागते. न्यू ऑर्लिन्समध्ये ती घेणारी संस्था जागेवर होती, म्हणून कुटुंबे वाऱ्यावर पडली नाहीत.

आक्षेप जुना, पण जिवंत

विद्यार्थ्यांच्या सेवासहलींवरील सर्वांत कठोर टीका या साऱ्याच्या कितीतरी आधी झाली होती. विचारवंत इव्हान इलिच यांनी २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे अमेरिकी विद्यार्थी स्वयंसेवकांच्या बैठकीतच भाषण करून त्यांच्या सदिच्छांना धुडकावून लावले. ज्यांची भाषा येत नाही, ज्यांचे जीवन ठाऊक नाही, अशांना मदत करण्याचा आव आणणे म्हणजे त्यांच्यावर आपली जीवनपद्धती लादणे होय, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असे त्यांनी सुचवले.

या टीकेला आर्थिक बाजूही आहे. मजुरी महाग असलेल्या अमेरिकेत विद्यार्थ्याचा तास घराची किंमत कमी करतो. मात्र मजुरी स्वस्त असलेल्या आणि गवंडी कामाच्या शोधात असलेल्या देशात विमानाने पोहोचलेल्या विद्यार्थ्याचा प्रवासखर्चच स्थानिक कारागिराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीहून अधिक असतो. तेथे तो एखाद्याचे काम हिरावूनही घेऊ शकतो. त्यामुळे एकच उपक्रम एका ठिकाणी शहाणपणाचा, तर दुसऱ्या ठिकाणी उधळपट्टीचा ठरतो.

अमेरिकेतील विद्यापीठांनी ही टीका काही प्रमाणात मनावर घेतली. व्हँडरबिल्ट विद्यापीठात १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्रेक अवे’ या संस्थेने अशा पर्यायी सुट्ट्यांसाठी मार्गदर्शक सूत्रे तयार केली. जाण्यापूर्वी त्या प्रदेशाचा आणि प्रश्नाचा अभ्यास, आवश्यक कौशल्याचे प्रशिक्षण, रोज संध्याकाळी अनुभवांवर चर्चा, मद्य आणि अमली पदार्थांना पूर्ण मज्जाव आणि परतल्यावर आपल्या गावात काम चालू ठेवणे यांचा त्यांत समावेश आहे. शेवटचे सूत्र पाळणे सर्वांत अवघड असते. दूरच्या राज्यात घर बांधून आलेला विद्यार्थी आपल्या विद्यापीठाच्या शेजारील भाडेकरूंच्या प्रश्नाकडे वळतो की नाही, यावर त्या आठवड्याचे खरे मूल्य ठरते, असे या सूत्रामागील म्हणणे आहे.

बिहारपासून मळवलीपर्यंत

परक्या गावात जाऊन घर बांधण्याची कल्पना भारताला नवी नाही. स्वित्झर्लंडचे अभियंता आणि शांततावादी पिएर सेरेसोल यांनी पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये फ्रान्समधील व्हर्दूनजवळच्या उद्ध्वस्त गावात आंतरराष्ट्रीय श्रमशिबिर भरवले. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर ते मोजक्या युरोपीय सहकाऱ्यांसह मुझफ्फरपूर भागात आले आणि ग्रामस्थांसोबत गावांच्या पुनर्बांधणीत त्यांनी भाग घेतला. महाराष्ट्रात बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीने तरुणांच्या अनेक पिढ्यांना मे महिन्याच्या उन्हात कुदळ-फावडे हाती घ्यायला लावले. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९६९ मध्ये, ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा करणे आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात सहभागी होणे अपेक्षित असते.

‘हॅबिटॅट’चे भारतातील काम १९८३ पासून सुरू आहे. २००६ मध्ये कार्टर दांपत्याचा वार्षिक बांधकाम प्रकल्प लोणावळ्याजवळील मळवली परिसरात झाला. देश-विदेशांतील स्वयंसेवकांनी तेथे स्थानिक कुटुंबांसोबत १०० घरांचे काम केले. कार्टर यांचा महाराष्ट्राशी आणखी जुना संबंध होता. त्यांच्या मातोश्री लिलियन यांनी साठच्या दशकात, वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर, ‘पीस कोअर’च्या स्वयंसेविका म्हणून मुंबईतील विक्रोळी येथे परिचारिकेचे काम केले होते.

घराच्या मालकाचे श्रम कसे मोजावेत, याबाबत मात्र दोन देशांच्या वाटा वेगळ्या आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशातील घरासाठी १ लाख २० हजार रुपयांच्या साहाय्यासोबत रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांच्या अकुशल मजुरीची जोड देण्यात आली. म्हणजे स्वतःच्या घरावर राबणाऱ्या कुटुंबाला येथे मजुरी देण्याचे तत्त्व स्वीकारले गेले. अमेरिकी पद्धतीत तेच श्रम कुटुंबाने भरलेले भांडवल ठरतात. दोन्हींत घर कुटुंबाच्या नावावर होते आणि बांधकामात त्याचा शब्द चालतो. बाहेरून आलेला स्वयंसेवक दोन्हीकडे पूरकच असतो.

जाण्यापूर्वीचे तीन प्रश्न

या अनुभवांतून श्रमदान शिबिर आखणाऱ्या कोणत्याही महाविद्यालयाला तीन प्रश्न विचारता येतात. जेथे जायचे, तेथे वर्षभर काम करणारी आणि चुकीची जबाबदारी घेणारी स्थानिक संस्था आहे का? विद्यार्थी जे काम करणार, त्यासाठी खरोखर हात कमी पडत आहेत का, की स्थानिक कारागिराचा रोजगार बुडणार आहे? आणि ज्याचे घर आहे, तो निर्णयात सहभागी आहे की केवळ आभार मानण्यासाठी उभा आहे? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील, तर अकुशल हातांचा आठवडाही वाया जात नाही. तसे नसेल, तर त्या आठवड्याचा लाभ प्रामुख्याने जाणाऱ्यालाच होतो.

घराच्या किल्ल्या सुपूर्द करण्याचा छोटा समारंभ सहसा काही महिन्यांनी होतो. वसंत सुट्टीत आलेले विद्यार्थी त्या वेळी बहुधा परीक्षेत किंवा पुढच्या सुट्टीत असतात. समारंभाला पर्यवेक्षक, शेजारी आणि आपल्या वाट्याचे तास पूर्ण केलेले कुटुंब हजर असते. त्यानंतर पहिला हप्ता सुरू होतो. एखाद्या सोमवारी सोळा इंचांवर नीट ठोकलेला खांब तोवर भिंतीआड गेलेला असतो आणि त्या हप्त्याची रक्कम थोडी कमी ठेवण्यात त्याचाही वाटा असतो.